पाटी आणि गाव

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात किन्हवली परिसरातल्या एका शाळेत रानभाज्यांवर बोलायला गेले होते. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मुलांकडून सलग तीन पावसाळे एक सुंदर काम करून घेतले होते. मुले ज्या ज्या वाडीवरून शाळेत येतात, तिथे खाल्ल्या जाणाऱ्या रानभाज्यांचे त्यांनी फोटो काढले होते. भाजी कोवळी असताना, फुलावर आल्यावर, निवडताना आणि शिजल्यावर. शेवळी, कंटोळी, कुर्डू, टाकळा, भारंगी, लोत. प्रत्येक भाजीचा एक फोल्डर, आणि त्या फोल्डरच्या नावातच भाजीचे नाव, वाडीचे नाव आणि ती आणणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव. हा सारा ऐवज 8 जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर होता. तो मला दाखवावा म्हणूनच सरांनी बोलावले होते. मी पोहोचले तेव्हा तो पेन ड्राइव्ह पुसला गेला होता.

घडले ते असे. आदल्या आठवड्यात काही पाने छापण्यासाठी पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात गेला. परत आल्यावर शाळेच्या संगणकाला लावला, तर सगळे फोल्डर जागच्या जागी. मात्र प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानसा बाण. पहिल्या दिवशी ते उघडत होते. मग कोणीतरी अँटिव्हायरस चालवला आणि ते उघडेनासे झाले. प्रत्येकाचा आकार 2 केबी दिसत होता. संगणक शिकवणाऱ्या मॅडमनी पाहिले आणि त्या म्हणाल्या, "सर, ह्यात नुसते शॉर्टकट उरलेत. फाइली गेल्या. फॉरमॅट करून टाका, नाहीतर सगळ्या लॅबला लागेल." सरांनी फॉरमॅट केले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर निकालपत्रके उतरवली.

"सर, फाइली गेल्या नव्हत्या," मी म्हणाले. म्हणायला नको होते, पण म्हणून गेले.

"मग दिसत का नव्हत्या, मॅडम?"

सरांच्या ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि ते उत्तर शाळेत कोणालाच का माहीत नव्हते ह्याचाही विचार करावा, म्हणून हा लेख. संगणक हा माझा विषय नव्हे, मी रसायनशास्त्रातली. पण प्रयोगांची आकडेवारी साठवता साठवता गेल्या वीस वर्षांत ह्या यंत्राशी पुष्कळ भांडण झाले आहे, आणि भांडणातून ओळख वाढते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. सल्ला देणाऱ्या मॅडमना मी दोष देत नाही. त्यांनी संगणकाच्या परीक्षा चांगल्या गुणांनी दिलेल्या आहेत. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने आणि पुढे आलेल्या इतर वर्गांनी माऊस गावोगावी पोहोचवला, ही लहान कामगिरी नव्हे. माझी तक्रार आहे ती संगणक शिकवण्याच्या आपल्याकडे रूढ झालेल्या रीतीबद्दल. शॉर्टकट हा विषय कसा शिकवला जातो ते पाहा. उजवे बटण दाबा, अमुक पर्याय निवडा, शॉर्टकट तयार होईल, त्यामुळे फाइल लवकर उघडते. झाले. तो तयार कसा करायचा हे सांगितले आणि तो कशासाठी हेही सांगितले, पण तो आहे काय, हे सांगितलेच नाही. कोणा एका पुस्तकाचे नाव घेत नाही, कारण माझ्या हाती आलेल्या सगळ्याच पुस्तकांत हा प्रकार आहे. पचनसंस्था शिकवताना "घास तोंडात घाला, चावा, गिळा, त्यामुळे भूक भागते" एवढ्यावर थांबलो तर चालेल का?

शॉर्टकट ही स्वतंत्र, अगदी लहान फाइल असते. तिच्यात मूळ फाइलीतला मजकूर किंवा चित्र नसते. तिच्यात असतो मूळ फाइलीचा पत्ता: कोणती डिस्क, कोणता फोल्डर, कोणते नाव. शहापूरहून किन्हवलीकडे येताना फाट्यावर पाटी लागते, तशी ती पाटी आहे. पाटीत गाव नसते. विसाव्या फाट्यावर विसावी पाटी लावली म्हणून वीस गावे होत नाहीत. पाटी उपटून टाकली तर गावाला काही होत नाही. आणि गावच उठले तर पाटी उभी राहते, पण बाणाच्या दिशेला काही नसते. भातसा धरणासाठी जिथली गावे उठली, त्या तालुक्यातल्या मुलांना हे उदाहरण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ही पाटी पत्त्याखेरीज आणखीही काही टिपून ठेवते. मूळ फाइलीचा आकार, तिच्या तारखा, ज्या डिस्कवर ती होती त्या डिस्कचा क्रमांक, पुष्कळदा त्या संगणकाचे नाव, आणि पाटीवर काढायचे चित्र कुठून आणायचे तो पत्ता. ह्या नोंदी वायफळ नाहीत. मूळ फाइल हलवली गेली तर जुन्या विंडोज प्रणाली आकार, तारीख आणि प्रकार जुळवून जवळात जवळची फाइल शोधत आणि "ही चालेल का?" असे विचारत. विंडोज-2000 पासून, एनटीएफएस पद्धतीने आखलेल्या डिस्कवर, हलवलेल्या फाइलीचा माग ठेवण्याची आणखी चांगली सोय झाली. सोय उत्तमच, पण तिने शिक्षकाची पंचाईत केली. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली तरी शॉर्टकट चालतो हे पाहून मुलगा निष्कर्ष काढतो की शॉर्टकटमध्येच फाइल आहे. निरीक्षण बरोबर आणि निष्कर्ष चूक, हा प्रकार विज्ञानाच्या शिक्षकांना नवा नाही.

आता शब्दाकडे वळू. ही कल्पना एकट्या विंडोजची नव्हे. युनिक्स परिवारात 1983 साली, बर्कलीच्या 4.2 बीएसडी ह्या आवृत्तीत, 'सिम्बॉलिक लिंक' आली. मॅकिंटॉशच्या सिस्टिम-7 मध्ये 1991 साली 'ॲलियस' आला. विंडोजमध्ये ती 1995 च्या ऑगस्टमध्ये विंडोज-95 बरोबर आली, आणि तिचे नाव पडले 'शॉर्टकट'. लिंक म्हणजे दुवा: एक वस्तू दुसरीशी जोडली आहे हे नावातच कळते. ॲलियस म्हणजे दुसरे नाव: वस्तू एकच, हेही कळते. शॉर्टकट ह्या नावातून मात्र वस्तूविषयी काहीच कळत नाही, फक्त वापरणाऱ्याचा फायदा कळतो. मराठीत तर हा शब्द आधीपासूनच रुळलेला आहे, आणि तो वाकड्या अर्थाने. "अभ्यासात शॉर्टकट मारू नकोस" असे आपणच मुलांना सांगतो. नाव ठेवणाऱ्यांनी आपल्यासाठी ते ठेवले नव्हते हे मान्य. पण शिकवताना 'दुवा' हा मराठीत रुळलेला शब्द शेजारी ठेवायला कोणी अडवले होते?

दुसरा आक्षेप रचनेवर आहे. विंडोजमध्ये शॉर्टकटच्या फाइलीला 'डॉट एलएनके' हे शेपूट असते. इतर फाइलींची शेपटे पाहायची असतील तर तशी सोय आहे. पण ती सोय चालू केली तरी हे एक शेपूट दडलेलेच राहते. ते मुद्दामच तसे ठेवले आहे. राहतो तो कोपऱ्यातला बाण. पाटी आणि गाव ह्यांतला फरक दाखवण्याची सारी जबाबदारी बोराच्या आठोळीएवढ्या बाणावर टाकलेली आहे. बाण ठेवला हे चांगले केले, आणि ते श्रेय रचनाकारांना दिले पाहिजे. पण ज्या वर्गात एका संगणकाभोवती आठ मुले उभी असतात, तिथे आठव्या मुलाला तो बाण दिसत नाही.

आता जागेचा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात शिकवण्याजोगा भाग हाच आहे, आणि तोच कोणी शिकवत नाही.

कोणत्याही फाइलीवर उजवे बटण दाबून तिचे गुणधर्म पाहिले तर दोन आकडे दिसतात. एक फाइलीचा आकार, दुसरा तिने डिस्कवर अडवलेली जागा. हे दोन सहसा सारखे नसतात. परीक्षेत आपण सूचना देतो: प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नव्या पानावर लिहा. एखाद्याने एकाच ओळीचे उत्तर लिहिले तरी पान अख्खे जाते. डिस्कही अशीच ठरावीक मापाच्या पानांत विभागलेली असते. ह्या पानाला 'क्लस्टर' म्हणतात. एका पानावर दोन फाइली राहत नाहीत. आजच्या संगणकांत, एनटीएफएस पद्धतीत, हे पान साधारणपणे 4 केबीचे असते. म्हणजे दीड केबीच्या शॉर्टकटने 4 केबी अडवले. (फारच छोटी फाइल असेल तर एनटीएफएस ती आपल्या नोंदवहीतच लिहून टाकते आणि वेगळे पान देतच नाही, तेव्हा अडवलेली जागा शून्य दिसली तर मुलांनी दचकू नये.)

विंडोज-95 च्या पहिल्या आवृत्तीच्या काळात परिस्थिती निराळी होती. तेव्हाच्या फॅट-16 पद्धतीत 1 ते 2 जीबीच्या डिस्कचे पान 32 केबीचे होते. अर्ध्या केबीचा शॉर्टकट काढला की 32 केबी गेले. असे शंभर शॉर्टकट म्हणजे 3,200 केबी, तीन एमबीहून अधिक. आणि त्यांतला खरा ऐवज 50 केबी. दोन फ्लॉपींतही मावणार नाही एवढी डिस्क नुसत्या पाट्यांनी अडवली. त्या काळी डेस्कटॉप स्वच्छ ठेवण्याचा सल्ला देणाऱ्यांचे त्यामुळे अगदीच चूक नव्हते. गंमत अशी की हा जुना प्रश्न मागच्या दाराने परत आला आहे. आज 64 जीबीचे पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीने आखलेले असतात, आणि विंडोजच्या नेहमीच्या मापाने त्यांचे पान 128 केबीचे असते. एक केबीची पाटी, 128 केबी जागा. अर्थात 64 जीबीपुढे त्याचे कोणाला काही वाटत नाही, आणि वाटूही नये. मुद्दा काटकसरीचा नाही.

युनिक्सचा दुवा ह्या बाबतीत फार प्रामाणिक आहे. त्यात फक्त पत्ता असतो, दुसरे काही नाही. पत्त्यात तीस रोमन अक्षरे असली तर दुव्याचा आकार तीस बाइट. पत्ता देवनागरीत असेल तर आजच्या रूढ यूटीएफ-8 लेखनपद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'शेवळी' ह्या शब्दात श, एकाराची मात्रा, व, ळ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. लिनक्स असलेल्या शाळांनी हे मुलांना बोटांवर मोजायला लावावे. अंदाज आधी, आकडा नंतर.

पेन ड्राइव्हकडे परत येऊ. त्याला झालेला रोग आपल्याकडे 'शॉर्टकट व्हायरस' म्हणून प्रसिद्ध आहे. 2011 पर्यंत विंडोजने पेन ड्राइव्ह लावताच त्यातला कार्यक्रम आपोआप चालवण्याची खोड जवळजवळ मोडली. त्यानंतर व्हायरस लिहिणाऱ्यांना वापरणाऱ्याच्या बोटाची गरज पडू लागली. मग युक्ती अशी: मूळ फोल्डरांवर 'दडवलेला' आणि 'प्रणालीचा' असे दोन शिक्के मारायचे, की ते दिसेनासे होतात. त्यांच्या जागी त्याच नावाचे आणि त्याच चित्राचे शॉर्टकट ठेवायचे. पाटी साधी असते तर वाचून आपण चालत गेलो असतो; पण शॉर्टकट ही पाटी आणि बैलगाडी दोन्ही आहे, टिचकी मारली की ती आपल्याला घेऊनच जाते. गाडी आधी चोराच्या अड्ड्यावर जाते, तिथे व्हायरसचा कार्यक्रम चालवते, आणि मग निमूटपणे खऱ्या फोल्डरपाशी आणून सोडते. म्हणून पहिल्या दिवशी सगळे उघडत होते. अँटिव्हायरसने अड्डा उद्ध्वस्त केला, गाडी वाटेत अडली, आणि फाइली 'गेल्या'.

ही केवळ झेरॉक्सच्या दुकानातली कटकट आहे असे समजू नये. 2010 च्या जूनमध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस पेन ड्राइव्हवरून पसरला तो शॉर्टकटच्याच एका दोषातून. तिथे तर टिचकी मारायचीही गरज नव्हती. पाटीवरचे चित्र काढण्यासाठी विंडोज जो पत्ता वाचते, त्या पत्त्यावर व्हायरस बसवलेला होता. फोल्डर नुसता पाहिला की काम झाले. मायक्रोसॉफ्टने ऑगस्टमध्ये तो दोष दुरुस्त केला. रोख इराणच्या नतान्झ इथल्या युरेनियम समृद्धीकरणाच्या यंत्रांवर होता. पण लागण झालेल्या संगणकांच्या यादीत इराणखालोखाल इंडोनेशिया आणि भारत होते.

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर. फाइली दडवलेल्या होत्या, पुसलेल्या नव्हत्या. आणि ह्याचा पुरावा पडद्यावर होता. पेन ड्राइव्हवर दिसत होते ते चाळीसएक शॉर्टकट. 8 जीबीच्या, फॅट-32 पद्धतीच्या पेन ड्राइव्हचे पान 4 केबीचे, म्हणजे सगळे मिळून 160 केबी. जर खरोखरच 'नुसते शॉर्टकट उरले' असते, तर पेन ड्राइव्ह जवळजवळ रिकामा दिसायला हवा होता. मी सरांना विचारले, फॉरमॅट करण्यापूर्वी वापरलेली जागा किती दिसत होती?

सर थोडा वेळ गप्प राहिले. "निळी पट्टी अर्ध्याच्या पुढे होती," ते म्हणाले. "ते मला चांगलं आठवतंय. मला वाटलं, व्हायरसच तेवढा मोठा असेल."

म्हणजे निरीक्षण झाले होते. यंत्र खरे सांगत होते आणि सरांनी ते वाचलेही होते. उणीव होती ती पाटीचे वजन किती असते ह्या एका कल्पनेची. ती असती तर चाळीस पाट्या अर्धा पेन ड्राइव्ह अडवू शकत नाहीत हे सहावीतल्या मुलानेही सांगितले असते. पुढचे सोपे होते: दडवलेल्या फाइली दाखवण्याची आणि प्रणालीच्या फाइली न लपवण्याची, अशा दोन्ही खुणा बदलायच्या, की फोल्डर फिक्या रंगात दिसू लागतात. मग त्यांवरचे शिक्के काढायचे. त्यासाठी डॉसच्या काळापासून 'ॲट्रिब' नावाची आज्ञा आहे. आपल्या वर्गांत बटणे शिकवतात आणि बटणे दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. जागेचा हिशेब तीस वर्षांत बदललेला नाही, आणि तोच अभ्यासक्रमात नाही.

शिक्षकांना एक तास मिळाला तर काय करता येईल? एक मोठा व्हिडिओ घ्या, त्याचा शॉर्टकट काढा, आणि दोघांचे गुणधर्म फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मग शॉर्टकट तेवढा पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. तो उघडणार नाही, आणि का उघडला नाही हे मुलांनाच सांगू द्या. शॉर्टकट पुसून मूळ फाइल पाहा. मग उलट करून पाहा (व्हिडिओची प्रत आधी काढून ठेवावी, हे अनुभवाने सांगते). हाच प्रयोग संगणकाशिवायही होतो. ग्रंथालयातले एक पुस्तक आणि त्याचे तालिका-कार्ड पुरे. एका मुलाला कार्ड घरी न्यायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्या पुस्तकातला धडा वाचायला सांगा. मोबाइल आल्यापासून तर रोज हाच प्रश्न येतो: पडद्यावरचे चित्र हटवले म्हणजे ॲप गेले का? गेले नाही, जागाही मोकळी झाली नाही. गुगल ड्राइव्हमध्येही 2020 पासून एकच फाइल अनेक फोल्डरांत ठेवण्याऐवजी तिचे शॉर्टकट ठेवले जातात. मालकाने मूळ फाइल काढून टाकली की शिक्षकांच्या गटात फिरलेल्या त्या पाटीचा उपयोग संपतो.

पेन ड्राइव्ह मी मुंबईला घेऊन आले. घाईने केलेल्या फॉरमॅटमध्ये बहुधा मुख्य यादी तेवढी कोरी होते, आतला मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. फोटोरेक नावाचे एक विनामूल्य साधन आहे. ते नावांच्या यादीकडे पाहतच नाही, पान न् पान चाळून छायाचित्रासारखे दिसेल ते बाहेर काढते. निकालपत्रकांखाली जे दबले ते गेले. बाकीचे बरेच फोटो मिळाले, पण त्यांना नावे नव्हती, नुसते क्रमांक. भाजीचे नाव, वाडी आणि आणणारा हे सगळे फोल्डरांच्या नावांत होते, आणि नेमकी तीच यादी पुसली गेली होती. फोटो काढल्याची तारीख तेवढी प्रत्येक फोटोच्या आत शिल्लक होती.

ते फोटो घेऊन मी पुन्हा किन्हवलीला गेले. सरांनी मुलांना बसवले, दोन मुलींच्या आज्यांनाही बोलावले होते. शेवळी लगेच ओळखली गेली, कारण शेजारी काकडे ठेवलेली दिसत होती. त्यांच्या आंबटाशिवाय शेवळीची खाज जात नाही. कुर्डू आणि टाकळ्याला वेळ लागला नाही. एका कोवळ्या पानाच्या फोटोवर मात्र दोन्ही आज्यांचे एकमत होईना. तारीख जूनच्या अखेरची आहे, असे सरांनी सांगितल्यावर एक आजी म्हणाली, मग हे लोत नव्हे, तो तोवर एवढा होत नाही. ते पान कोणत्या वाडीवरून आणि कोणी आणले, हे अजून ठरलेले नाही.